बाराव्या ओळीतलं नाव

घाटकोपर,
ता. ९ फेब्रुवारी १९८७

ती. चंद्रप्रकाशदादांस,

काशीरामचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे. पण सध्या घरात मी एकटाच असल्यामुळे मी ठीक आहे एवढंच लिहितो. तुमचा दमा, वहिनींची पाठ आणि पार्ल्यातलं पाणी यांची खुशाली कळवावी. घाटकोपरहून पार्ल्याला पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. समोर बसलो की तुम्ही मेहुण्याच्या नात्यानं माझं बोलणं दुसऱ्या वाक्याला तोडता (राग मानू नये), म्हणून पत्र.

मी साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथवर असलो, तरी टीव्हीवरच्या 'पायरीचा दवाखाना' या मालिकेत कंपाउंडरचं काम करतो, हे तुम्ही जाणताच. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची आणि "दिवसातून तीनदा" म्हणायचं, एवढंच काम. (चौथ्या भागात "जेवणानंतर" हे मी पदरचं घातलं. कोणाच्या लक्षात आलं नाही.) पण सहा भाग झाले तरी शेवटी जी नावं वर सरकत जातात, त्यांत माझं नाव नव्हतं. बारा नावं आणि मग 'आणि इतर'. चाळीतले लोक नळावर विचारायचे, "काशीराम, तू इतर का रे?"

शेवटी ही नावं लिहितं कोण, याचा शोध घेतला. अंधेरीला दशरथ पेंटर म्हणून आहे. काळ्या कागदाच्या लांब पट्टीवर तो पांढऱ्या रंगानं नावं लिहितो, मग ती पट्टी रुळावर गुंडाळून कॅमेऱ्यापुढे फिरवतात. मी चार संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसलो. त्याचं स्टूल डुगडुगत होतं, त्याला लोखंडाचा नवा पाय करून दिला. सातव्या भागात बाराव्या ओळीत माझं नाव आलं. चाळीनं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी शूटिंगला गेलो, तर बाकावर सुंदराबाई बसलेल्या. दवाखान्यात दर भागात खोकत बसलेली म्हातारी असते ना, त्या. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव फिरून आया, आत्या, मोलकरणी केलेल्या. (खोकल्याचे त्यांच्याकडे पाच प्रकार आहेत. बिडीचा वेगळा, दुःखाचा वेगळा. त्या दुःखाचं खोकल्या की डॉक्टर झालेला मुख्य नट आपलं वाक्य विसरतो.) मला म्हणाल्या, "नाव आलं ना तुझं? छान झालं." नंतर दशरथ पट्टी घेऊन आला तेव्हा त्याच्याकडून कळलं, की बारावी ओळ बाईंची होती. पट्टीत तेरावी मावत नाही.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? नावं येईस्तोवर लोक जेवायला उठतात." मग म्हणाल्या, "मुलुंडला लेक आहे, ती मात्र बसून वाचते. या खेपेला विचारत होती, आई, तुला काढलं का गं?"

दादा, मी दशरथला गाठलं आणि म्हटलं, माझं नाव खोड, बाईंचं घाल. तो म्हणाला, "खोडणार नाही. ज्या स्टुलावर बसतो त्याचा पाय तुझा. दोघांना एका ओळीत बसवतो." बसवलं. आडनावं मावेनात म्हणून काढली, 'बाई' मावेना म्हणून तेही काढलं, आणि मधे एक छोटी रेघ दिली. गेल्या बुधवारी, सगळी चाळ बघत असताना, पडद्यावर सरकत आलं: काशीराम-सुंदरा. लग्नपत्रिकेवर असतं तसं.

लोक पोट धरून हसले. शेजारच्या जयंतीबाईंनी पेढे मागितले. मुलुंडच्या लेकीला मात्र आई परत दिसली, तेवढं बरं झालं.

बाकी क्षेम. वहिनींस नमस्कार.

आपला,
काशीराम

ता. क. : वरचा मजकूर मालनला मोठ्यानं वाचून दाखवावा. गुरुवारी सकाळी ती पिशवी भरून तुमच्याकडे आली, ती त्या रेघेमुळे. तिच्या मते सुंदरा म्हणजे दोन वेण्यांची नर्स. त्या मुलीचं नाव उत्तरा आहे आणि ते पाचव्या ओळीत असतं, पण मालन म्हणते, "नावं कोणी उगाच जोडत नाही." अंधेरीला गेलो त्या चार संध्याकाळी मी घरी ओव्हरटाइम सांगितला होता, ही चूक माझीच. नाव यावं म्हणून पेंटरची मनधरणी करतोय, हे बायकोला सांगायची लाज वाटली.

आणखी ता. क. : येत्या रविवारी चार वाजता सुंदराबाई स्वतः तुमच्याकडे येतील. हे त्यांनीच ठरवलं. "तिला म्हणते, बघ मला नीट, आणि तरीही संशय असेल तर नवरा माझ्याकडे पाठव, पाणी भरायला कोणी नाही." त्यांना पाठीची खुर्ची द्यावी आणि चहात साखर घालू नये. मी खाली कोपऱ्यावर उभा असेन. मालन हो म्हणाली तर वर बोलवावं. नाही म्हणाली, तर बाईंना जिना उतरताना हात द्यायला तरी बोलवावं.