मागच्या रांगेतल्या दोन जागा

सोमवार, ९ नोव्हेंबर
सकाळचे साडेआठ, माळ्यावरची खोली

ती. ताईस,
नमस्कार वि. वि.

इकडे सगळे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं विचारशील तर काल दुपारी सव्वाचारला बाबांनी कारखान्याच्या जमिनीवरचं खडूचं एक वर्तुळ चपलेने पुसलं आणि तिथून माझं सगळं फिरलं. तेव्हापासून मी बाबांशी धड बोललेलो नाही.

तीन वर्षांत पहिलं पत्र आणि सुरुवात अशी, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी दुसऱ्या वाक्याला भडकणार आणि चौथ्याला तू ठेवून देणार, हे दोघांनाही ठाऊक आहे. कागदावर निदान मला कोणी मध्येच तोडत नाही.

तर झालं असं. आपली जुनी गाडी एकदाची गेली. नवी घ्यायची ठरली. महिनाभर घोळ घालून शेवटी दोनच उरल्या, एक मिनिव्हॅन आणि एक एसयूव्ही. व्हॅनमध्ये सात जागा, एसयूव्हीत पाच. घरात आता माणसं पाच: बाबा, आई, दादा, वहिनी, मी. दादाचं लग्न झालं हे तुला कळलं असेलच. तुला बोलावलं नाही, हेही कळलं असेल. त्यावर मी काही लिहीत नाही, लिहायला घेतलं तर कागद फाटेल.

बाबा कुठलीच वस्तू चित्र बघून घेत नाहीत, हे तू जाणतेस. गिऱ्हाइकाला साधं कपाट करून द्यायचं तरी आधी जमिनीवर खऱ्या मापात आखणार आणि त्याला त्यात उभं करणार. तेच गाडीचं. मला टेप घेऊन शोरूममध्ये पाठवलं. एकदा नाही, चारदा. घरात रिकामा मीच ना. मी दोन्ही गाड्यांची मापं आणली, बसायची जागा, दाराची रुंदी, पायरीची उंची, सगळं. काल सकाळी बाबांनी एकट्याने कारखाना झाडून काढला, लाकडं भिंतीला लावली आणि गुण्या धरून दोन अख्ख्या गाड्या खडूने आखल्या, शेजारीशेजारी. जागेजागी स्टुलं ठेवली. जेवणं झाल्यावर म्हणाले, चला, बसून बघू.

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. दादा रंगाच्या डब्याचं झाकण स्टिअरिंगसारखं धरून बसला. वहिनी शेजारी. तोंडं मात्र सगळ्यांची अशी गंभीर, जणू खरोखर कुठे निघालोय.

"व्हॅन नको," दादा म्हणाला. "शाळेच्या गाडीसारखी दिसते. ऑफिससमोर लावली तर लोक मुलं उतरायची वाट बघत बसतील."

"तुझ्या ऑफिसचा रस्ता सपाट," मी म्हणालो. "मध्ये एक गतिरोधक आहे, तोही झिजलेला. तुला एवढी उंच गाडी कशाला? ढग बघायला?"

"उंच बसलं की धीर येतो," वहिनी म्हणाली.

"आणि आईने चढायचं कसं?"

बाबांनी एसयूव्हीच्या पायरीच्या उंचीचा एक खोका ठोकून ठेवलाच होता. आईला म्हणाले, चढ बघू. आईचा डावा गुडघा आता कामातून गेलाय, तुला माहीत नसेल. ती चढली. ओठ दाबून, दादाच्या खांद्याला धरून चढली आणि वर उभी राहून म्हणाली, "येतंय की." माझं डोकं तिथेच तापलं. बाबांना मात्र त्यात सुतारकामच दिसलं. "एक फोल्डिंगची पायरी करून देईन, त्यात काय."

पण ऐक, मुद्दा पुढे आहे. तोवर बाबांचा कल व्हॅनकडेच होता. मागची रांग काढली की आठ फुटी प्लायवूड सरळ आत जातो, हे त्यांनी स्वतः मोजलं होतं. सरकता दरवाजा त्यांना इतका आवडला होता की पंधरा मिनिटं ते हवेत हात सरकवत होते. दादासुद्धा नरमला होता. मग आम्ही सगळे व्हॅनमध्ये जाऊन बसलो आणि दादाने मागे वळून विचारलं, "हे गोल इथे कसं?"

तुला आठवतं ना, बाबा आपल्या वस्तूंवर खूण करायचे? दादाचा त्रिकोण, तुझं वर्तुळ, माझ्या दोन रेघा. पलंग, टेबल, पाट, काहीही उलटं करून बघितलं की खूण सापडायचीच. काल सकाळी एकट्याने आखताना त्यांनी प्रत्येक जागेवर खूण टाकली होती. आमच्या सगळ्यांच्या. आणि मागच्या रांगेत, खिडकीकडे, वर्तुळ. त्याच्या शेजारची जागा नुसतीच चौकट, आत काही नाही. पण दोन्ही चौकटींसमोर स्टुलं होती, ताई. दोन.

बाबांनी बघितलं. त्यांच्या हाताने केलेलं त्यांना आत्ता दिसलं असावं, असे बघत राहिले. मग पुढे झाले आणि चपलेने ते पुसलं. नीट पुसलं, काठापासून आत. "चुकून पडलं," म्हणाले. आणि त्याच दमात, "व्हॅन नको. पाचजणांना सातजणांची गाडी कशाला? एसयूव्हीच घेऊ. उद्या दहाला जाऊन सही करतो."

आठ फुटी प्लायवूड गेला, सरकता दरवाजा गेला, आईचा गुडघा तर कोणाच्या खिजगणतीतच नव्हता.

आई उठली. मधल्या रांगेतून मागे गेली आणि पुसलेल्या जागेवरच्या स्टुलावर जाऊन बसली.

"तिथे काय बसतेस? तिथून काय दिसणार, भिंत?" बाबा.

"भिंतच बघायचीय मला," आई म्हणाली.

मी मग सोडलं नाही. जे तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, ताईसाठी जागा ठेवायची नाही असं सरळ म्हणा ना, पाच आणि सातचा हिशेब कशाला मध्ये आणता? म्हटलं, मुलगी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याबरोबर गेली म्हणून तुमचं नाक कापलं गेलं आणि स्वतः आयुष्यभर रंधा मारलात त्याचं काय? हाताने काम करणाऱ्याला हाताने काम करणारा कमी कधीपासून झाला? बाबा रंध्याची धार बघत बसले. त्यांना ऐकू येत नाही असं ते ठरवतात तेव्हा खरोखरच येत नाही.

म्हणून मी दादावर गेलो. "तुला ताई नकोच आहे," म्हटलं. "एसयूव्ही तुला त्याचसाठी हवी. तूच तर..."

"मी काय?" दादाने झाकण खाली ठेवलं. "पुढे बोल. मी काय?"

मी माझं स्टूल उचलून भिंतीला लावलं.

"तीन वर्षं गप्प आहे मी," तो म्हणाला. "आज माझ्याकडून बोलवून घेऊ नकोस."

इथे मी पेन ठेवून खिडकीशी जाऊन आलो. आता जरा दुसरं लिहितो.

मी कॉलेज सोडलं हे तुला कोणी सांगितलं का? दुसऱ्या वर्षाच्या मध्यातच. घरी सांगितलं की शिकवण्यात दम नाही. खरं कारण असं की माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील अंथरुणाला खिळले आणि तिला कॉलेज सोडून नोकरी धरावी लागली. तिच्या रिकाम्या बाकाकडे मी दोन महिने बघितलं आणि मग मीही सोडलं. हसू नकोस. ती आता त्याच शोरूममध्ये आहे. गिऱ्हाइकांना गाड्या फिरवून दाखवते, कमरेला चाव्यांचा जुडगा, तिथे तिला सगळे चावीवाली म्हणतात. आता कळलं ना, चारदा मापं घ्यायला का जावं लागलं? व्हॅनच्या मागच्या काचेची रुंदी मी तीनदा घेतली.

मला वाटलं होतं, तिच्यासाठी कॉलेज सोडलं हे ऐकून ती विरघळेल. तिने काय म्हणावं? "मला विचारलंस? मला शिकायला मिळत नाही म्हणून मी रडते आणि तू मिळत असलेलं फेकून देतोस, वर ते माझ्या नावावर? घरी सांगू नकोस हं, उगाच माझं नाव खराब होईल." चार दिवस मी जेवलो नाही. तिला कळलंही नाही, त्यामुळे पाचव्या दिवशी जेवलो.

गेल्या गुरुवारी शेवटच्या फेरीत मी तिला तुझी गोष्ट सांगितली. तावातावाने सांगितली, बाबा कसे, दादा कसा. ती चालवत होती. मग तिने विचारलं, "पण तुमच्या बाबांना कळलं कसं?" आणि का कोण जाणे, मी खरं सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. म्हणाली, "आधी तिला लिही. तोवर माझ्याशी बोलायचं नाही. मापंही घ्यायला यायचं नाही."

ते आता लिहितो.

बाबांना दादाने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

त्यानेच सांगितलं असं धरून तू जाताना दारात दादाला म्हणालीस ना, तुझं तोंड पुन्हा बघणार नाही? तेव्हा मी जिन्यावर उभा होतो. माझं तोंड तू दोन्ही हातांत घेतलंस आणि रडलीस. तेव्हाही मी खरं बोललो नाही.

त्याआधी एका दुपारी मी घड्याळाच्या दुकानावरून जात होतो आणि तू आत दिसलीस. तू घरी सांगितलं होतंस की क्लासला जाते. तू स्टुलावर बसून त्यांच्यासाठी टॉर्च धरला होतास आणि ते डोळ्याला भिंग लावून काहीतरी बारीक करत होते. तू हसत होतीस, आवाज न करता, हात हलू नये म्हणून. तुझं मला सगळं माहीत असायचं, ताई. शाळेतल्या भांडणापासून सगळं तू आधी मला सांगायचीस. हे सांगितलं नाहीस. माझा राग एवढाच होता, बाकी त्यात काही नव्हतं. घरी आलो, बाबा रंधा मारत होते. म्हटलं, ताई क्लासला नसते, घड्याळाच्या दुकानात असते. बाबांचा हात थांबलासुद्धा नाही. एक लांब साल निघाली, मग दुसरी. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. मी सुटलो असं वाटून वर जाऊन झोपलो.

काल संध्याकाळी दादा जिन्यावर बसला होता, तिथे जाऊन मी त्याला विचारलं, तू का गप्प बसलास? तो म्हणाला, "तिचा तुझ्यावर जीव होता. जाताना तिला निदान एक भाऊ आपला वाटू दे म्हटलं." मग म्हणाला, "आणि मी व्हॅनला नाही म्हणतो ते खरंच दिसायला वाईट आहे म्हणून. प्रत्येक गोष्टीत तू काहीतरी शोधत बसू नकोस."

त्याच्यावर तीन वर्षं उगाच दात खाल्ले मी. आता ते दात कुठे न्यायचे ते कळत नाही.

आईला सांगितलं. ती धान्य निवडत होती. म्हणाली, "मला माहीत होतं. त्या रात्री मी हाका मारूनही तू जेवायला उठला नाहीस." मग ताट बाजूला ठेवलं आणि माझ्या थोबाडीत एक ठेवून दिली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. त्यानंतर पुन्हा निवडायला बसली.

बाबांवरचा माझा राग मात्र तसाच आहे. उलट वाढलाय. हात तुझी जागा आखतात आणि पाय ती पुसतात, एकाच माणसाचे. हे मला खपत नाही. आज सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, सहीचं पेन खिशाला लावलं आणि आईला म्हणाले, चल. आई म्हणाली, गुडघा दुखतोय. ते दादा-वहिनीला घेऊन निघाले. दादा चपला घालायच्या निमित्ताने मागे राहिला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "दोनपर्यंत धरून ठेवतो त्यांना. इंजिन दाखवतो, रंग दाखवतो, चहा पाजतो. त्याच्यापुढे मला जमणार नाही." चावीवालीला मी निरोप पाठवला होता. तिचं एवढंच आलं: लिहिलंस का? मी म्हटलं, लिहितोय. मग आलं, गाडीच्या चाव्या सापडायला मला कितीही वेळ लागू शकतो.

गेटचा आवाज बंद झाल्याबरोबर आई आतून साडी बदलून आली, हातात पिशवी. तुझा पत्ता तिच्याकडे होताच. कुठे ठेवला होता ते तीच सांगेल.

अकराला बस आहे, एक वाजता तुझ्या गल्लीत पोहोचतो. हे पत्र मी आईच्या हातात देणार आहे. तिला वर घे, जिन्यावर हात दे, डावा गुडघा. मी खाली रस्त्यावर उभा राहीन. वाचून झाल्यावर तुला काय करायचं ते तू कर. बाबांचा नंबर तोच आहे. त्यांना एक फोन केलास तर सही कुठल्या गाडीच्या कागदावर होते ते बघू. नाही केलास तरी तुझी चूक नाही. मला वर बोलावू नकोस असं मी म्हणत नाही, पण बोलाव असंही म्हणायला माझं तोंड नाही. आई दोन तास बसेल. तेवढा वेळ मी उभा राहू शकतो.

आई खालून हाक मारतेय, दार लावून घे आणि ये म्हणतेय. घरात दुसरं कोणी नाही. लावतो आणि निघतो.

तुझ्या दाराखाली उभा असलेला,
तू म्हणशील तर तुझाच,
धाकटा