अळीला दिलेली तारीख

५ मे
आजपासून रोजनिशी. मराठीत. म्हणजे इथल्या कानडी ऑफिसात कुणाच्या बापाला वाचता येणार नाही.
प्रोजेक्ट मिळाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात डोना नावाच्या बाईंची क्रॅनबेरीची शेती आहे. आंबट, बोराएवढं फळ, जमिनीवर पसरलेल्या वेलींना लागतं. त्यात अळी पडते. औषध कधी फवारायचं ते आमचं ॲप सांगणार आणि ॲपचा लीड मी. शेतीचा अनुभव: मामाची नागपूरची संत्री. खाल्लेली. पुरेसा आहे.
शेतकरी जगभर सारखेच, आभाळाकडे बघत बसतात. आता फोनकडे बघतील.

१२ मे, संध्याकाळ
डोनाबाईंशी पहिला कॉल. त्यांच्याकडे सकाळ. वय सत्तरीच्या पुढे. नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. वाफ्यात गुडघ्यांवर बसून, भिंगातून एकेक फळ बघून अळीची अंडी शोधायचं काम तो करायचा. बाईंचे गुडघे कामातून गेलेत, म्हणून ॲप घेतलं.
भिंग! आजच्या काळात!
मी म्हटलं, मॅडम, यापुढे तुम्हाला खाली वाकायची गरजच नाही. बाईंनी नवऱ्याचं भिंग उचलून खणात ठेवून दिलं. इम्प्रेस झाल्या असणार.

२० मे
टीममध्ये अनुषा नावाची मुलगी आली. कीटकशास्त्रात पीएचडी. आमचे मॅनेजर हयवदन सर म्हणाले, तिचं जरा ऐक. ऐकलं.
म्हणे, पूर्वीची जहाल औषधं दिसेल त्याला मारायची, त्यामुळे चार दिवस इकडेतिकडे झाले तरी चालून जायचं. ही नवी सौम्य औषधं माणसाला आणि चांगल्या किड्यांना कमी त्रास देतात, पण त्यांना वेळ अचूक लागते. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी असेल तरच उपयोग. ती एकदा फळात शिरली की बाहेरून टँकर ओता, तिला आत पत्ता नाही. आणि फुलं असेपर्यंत मधमाश्या असतात, तेव्हाही औषधाला हात लावायचा नाही. मधली फट पकडायची. त्यासाठी कुणीतरी फळं बघायलाच हवीत.
एवढं सगळं अर्धा तास. मी एका वाक्यात विचारलं, तारीख कुठली? म्हणाली, तारीख नसते, अवस्था असते.
पीएचडी केली की माणसं अशी बोलू लागतात.

२१ मे
घरून ऑफिसला, राजाजीनगरहून बेळ्ळंदूरला पोचायला सव्वादोन तास. सिग्नल लावणाऱ्यांना टायमिंगची अक्कल नाही. रिक्षावाल्याला तसं म्हटलं तर कानडीत म्हणाला, स्वल्प अडजस्ट माडी सार, म्हणजे जरा सांभाळून घ्या. या देशाचं हेच झालंय.
हयवदन सरांबरोबरची मीटिंग हुकली. चूक त्यांचीच. सकाळी कुणी ठेवतं का?

१६ जून
फॉर्म्युला तयार! मागच्या काही वर्षांचं तापमान घेतलं, आकडेमोड केली, जुलैचा मध्य आला. अनुषाने तपासलं. म्हणाली, अंदाज म्हणून बरा आहे.
बरा आहे! मत्सर लपत नाही.
घरी शाल्मलीला सांगितलं, तुझा नवरा अळीचा वाढदिवस सांगू शकतो. म्हणाली, गॅसवरचं दूध उतू जायच्या आत आजवर कधी पोचलायस का? बायकोला प्रोजेक्टचं सांगू नये.

९ जुलै
मुंबईहून मोठे साहेब २८ तारखेला येणार. हयवदन सर म्हणाले, काहीतरी लाइव्ह दाखवता येईल का?
आयडिया सुचली. साहेबांनी स्वतः बटण दाबायचं आणि त्याच क्षणी डोनाबाईंच्या फोनवर अलर्ट: आता फवारा. प्रमोशन नक्की.
तारीख थोडी पुढे जाते. अळी काय, कॅलेंडर बघून जन्माला येते?

१४ जुलै
अनुषा माझ्या डेस्कशी आली. म्हणे, तिकडचं तापमान बघता अंडी फुटायला लागली असतील, अलर्ट आज जायला हवा. मी म्हटलं, २८. ती म्हणाली, २८ला अळी फळात असेल. मी म्हटलं, साहेबही २८लाच असतील.
मग म्हणाली, मी हयवदन सरांशी बोलते. बोलली. सर म्हणाले, सरी सरी, बरं, सुशांतशी बोलतो. मग माझ्याशी बोलले. डेमो व्यवस्थित व्हायला हवा, एवढंच म्हणाले. म्हणजे मीच बरोबर.

१६ जुलै
डोनाबाईंचा मेल. लिहिलंय, नवरा असता तर आत्तापर्यंत फवारून झालं असतं असं वाटतं, पण तुम्ही वाकायची गरज नाही म्हणालात म्हणून वाट बघतेय. फवारू का?
उत्तर दिलं: कृपया ॲपवर विश्वास ठेवा.
ग्राहकाला शिस्त लागते ती अशी.

२८ जुलै
डेमो फर्स्टक्लास! साहेबांनी बटण दाबलं, स्क्रीनवर हिरवा टिक आला, टाळ्या. अनुषा मागच्या रांगेत होती. टाळ्या वाजवताना दिसली नाही, पण तिच्या हातात लॅपटॉप होता.
साहेब म्हणाले, वंडरफुल, ही कसली शेती, द्राक्षं का? मी हो म्हटलं. मोठ्या माणसाला दुरुस्त करत नाहीत.

१९ ऑगस्ट
डोनाबाईंनी फोटो पाठवला. सोबत एक शब्द नाही. हिरव्यागार वाफ्यात ठिकठिकाणी लालभडक फळं!
नेटवर बघितलं, क्रॅनबेरी लाल होते सप्टेंबरच्या शेवटी. आपली ऑगस्टमध्येच! नुसती अळीच गेली नाही, पीकही महिनाभर आधी पिकलं. असं आजवर कुणी केलेलं नाही. किमान मी वाचलेलं नाही.
केक मागवला. साहेबांना फोटो फॉरवर्ड केला. डोनाबाईंना अभिनंदन कळवलं, तीन उद्गारचिन्हांसह.
अनुषाने केक घेतला नाही. फोटो मोठा करून बघत राहिली. म्हणाली, त्यांना एक फळ कापायला सांग.
पराभव पचवता यायला हवा माणसाला.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
कॉल. मी, हयवदन सर, अनुषा. पलीकडे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोनाबाई. समोर वाडगाभर लाल फळं.
मी सुरुवात केली, मॅडम, तुमच्या अर्ली हार्वेस्टबद्दल...
बाईंनी सुरी घेतली आणि एक फळ मधोमध कापलं. कॅमेऱ्याजवळ धरलं. आत भुसा आणि एक हिरवी अळी, धष्टपुष्ट. दुसरं कापलं. तिसरं कापलं. चौथ्याला हयवदन सर म्हणाले, मॅडम, समजलं.
म्हणजे अळी पडलेलं फळच आधी लाल होतं. हे मला कुणी सांगायला नको होतं का? अनुषा म्हणाली, जूनच्या प्रेझेंटेशनमध्ये होतं. ते प्रेझेंटेशन लंचनंतर होतं.
बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सावकाश बोलत होत्या. काल वाफ्यात गुडघ्यांवर बसून बघितलं, म्हणाल्या. मग उठता येईना. शेजारचा शेतकरी ट्रॅक्टरवरून जाताना दिसला म्हणून बरं, नाहीतर तिथेच असते. म्हणाल्या, जुलैतही बसता आलं असतं. दुखलं असतं, पण बसले असते. तुम्ही नको म्हणालात.
मी म्हटलं, मॅडम, अल्गोरिदममध्ये...
अनुषाने मला म्यूट केलं.

२२ ऑगस्ट
डोकं दुखतंय. सुट्टी.
हवामान बदललंय, त्याला मी काय करणार? डेमोची तारीख साहेबांची. फॉर्म्युला तर बरोबरच होता, जुलैचा मध्य. म्हणजे तत्त्वतः मी चुकलोच नाही. शाल्मलीला हे समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तेव्हाच का नाही सांगितलंस त्या बाईंना?
भाजी आणायला गेलो.

८ ऑक्टोबर
तिकडे काढणी. वाफ्यात पाणी सोडतात, फळं वर तरंगतात. अनुषाने फोटो दाखवला. निम्म्याहून अधिक वाफा नुसतं पाणी.
तरी बाईंनी करार पुढे चालू ठेवला. हयवदन सरांनी मेल सगळ्यांसमोर वाचला. पहिली अट, पुढच्या हंगामात अनुषाने दर आठवड्याला बोलायचं आणि फळं बघायला गावातला माणूस लावायचा. दुसऱ्या अटीला सर थांबले. म्हणाले, बाकी रूटीन आहे.
जेवून आलो तोवर माझं नाव ग्रुपमधून निघालेलं होतं.

१० ऑक्टोबर
नवीन प्रोजेक्ट: कँटीनचा फीडबॅक फॉर्म. इथे नेतृत्वाला वाव आहे.
दुपारी डोनाबाईंना मेल लिहायला बसलो. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ इथपर्यंत आलो. खोडलं. वाटलं, त्यांच्या नवऱ्याबद्दल दोन शब्द लिहावेत, निदान नाव घालून.
नाव आठवेना. जुने मेल चाळले. मग लक्षात आलं, मी कधी विचारलंच नव्हतं.
अनुषाच्या डेस्कशी गेलो. तिने मान वर न करता नाव सांगितलं.