‘गळ आणि गांडूळ’ नऊ भागांत का आटोपली

व्हॅन नाइज, कॅलिफोर्निया
१९ ऑक्टोबर १९९८

प्रिय आर्डिसताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे एमेटचा, नमस्कार. नाताळला अजून दोन महिने आहेत आणि आपल्यापैकी कोणी गेलेलंही नाही, तेव्हा पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. खुब्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले. काठी सुटली का? (कार्डावर तू ‘बरी आहे’ असं लिहिलंस, पण आपल्या घरात पाय मोडून पडलेला माणूसही ‘बरा आहे’ असंच सांगतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही.) दुकानात शिडी चढू नकोस. गांडुळांचे डबे खालच्या फळीवर ठेवलेस तरी गिऱ्हाईक येईलच, मिनेसोटात मासे पकडायला निघालेला माणूस डबा कुठल्या फळीवर आहे हे बघत नाही. इथे ऊन आहे. इथे कायमच ऊन असतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पत्राचं कारण असं की मॅरिबेथ ओस्टरहाउट नावाची एक बाई सत्तरच्या दशकातल्या बंद पडलेल्या टीव्ही मालिकांवर पुस्तक लिहिते आहे आणि त्यात एक प्रकरण आपल्या ‘गळ आणि गांडूळ’वर आहे. (आपल्या म्हणतो, कारण मालिका मी लिहिली असली तरी तळ्याकाठचं दुकान तुझं होतं, आणि गल्ल्यामागे बसून गिऱ्हाइकाला तीन शब्दांत गप्प करणारी मर्ना म्हणजे तू होतीस. हे तुला कोणी सांगायला नको.) तिने विचारलं की सगळं जमून आलेलं असताना ही मालिका अजरामर का झाली नाही? सगळं जमून आलं होतं हे मला तिच्याकडूनच कळलं.

मी तिला चार पानी उत्तर पाठवलं. गुरुवारी आठची वेळ होती, आणि त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर एक गुप्तहेर असायचा, ज्याला सगळा देश बघायचा, माझ्या घरमालकिणीसकट. मर्नाचं काम करणारी डेल्फिन रास्क ब्रुकलिनची. तिने डोकं असलेला मासा पहिल्यांदा आमच्या सेटवर पाहिला आणि ती मटकन खाली बसली. मग गांडुळं. आमचा निर्माता मॉर्टी झेलनिक याचा हट्ट की गांडुळं खरीच हवीत. दिव्यांच्या उष्णतेने ती वीस मिनिटांत राम म्हणायची, म्हणून ती बदलायला एक माणूस नेमला होता. तो युनियनचा. नियमाप्रमाणे गांडुळाला हात फक्त त्याने लावायचा. त्यामुळे जन्मभर गांडुळं विकणाऱ्या मर्नाने नऊ भागांत एकाही गांडुळाला हात लावलेला नाही. डबा उघडायचा, आत बघायचं आणि मान हलवायची. मॅरिबेथबाईंना हे फार सूचक वाटलं. सूचक कसलं डोंबलाचं, युनियनचा माणूस जेवायला गेलेला असायचा.

पण ही झाली परक्या माणसाला सांगायची कारणं. तुला खरं ते सांगतो. मॉर्टीने पेपरात छापून आणलं होतं की आमच्या मालिकेत यंत्रातून काढलेलं हसू नसेल, ऐकू येईल ते समोर बसलेल्या खऱ्या माणसांचं. छापून आल्यावर माघार घेता येईना. शूटिंगला दोनशे खुर्च्या भरायच्या होत्या आणि नव्या मालिकेची फुकट तिकिटंसुद्धा कोणी घेईना. मॉर्टी म्हणाला, “तुझ्या ओळखीची माणसं आण.” माझ्या ओळखीची माणसं कोण? आमचं इथलं लुथरन चर्च, सगळे आपल्याकडून थंडीला कंटाळून आलेले. पास्टर टोर्गेर्सन यांनी प्रवचनानंतर घोषणा केली आणि शुक्रवारी दोनशे माणसं इस्त्रीचे कपडे घालून पाऊण तास आधी हजर झाली.

ताई, त्यांना मालिका फार आवडली. हे मी शपथेवर सांगतो. पहिल्या विनोदाला सगळे गालातल्या गालात हसले. दुसऱ्याला तर मिस्टर एंगेब्रेत्सन यांनी बायकोकडे वळून पाहिलं. पण आवाज म्हणशील तर टाचणी पडली असती तर तीच ऐकू आली असती. आपल्या लोकांना चारचौघांत मोठ्याने हसणं म्हणजे ताटातला शेवटचा तुकडा उचलण्यासारखं वाटतं, हे मी मॉर्टीला कसं समजावणार? तो पडद्यामागे माझी बाही ओढून विचारत होता, “आजारी आहेत का रे ही माणसं?” शेवटी सगळ्यांनी रांग लावून डेल्फिनशी हात मिळवले आणि प्रत्येकाने सांगितलं, “काही वाईट नव्हतं.” आपल्याकडे यापुढे कौतुक जात नाही. डेल्फिन मेकअपच्या खोलीत जाऊन रडली.

आता तू म्हणशील, पुढच्या वेळी दुसरी माणसं बोलवायची होतीस. ठरलं होतं तसंच. पण सोमवारी पास्टर स्वतः घरी आले आणि म्हणाले की मंडळींनी दर शुक्रवारचं पक्कं केलंय, त्यासाठी गायनाचा सराव गुरुवारी नेलाय, आणि बायका शूटिंगवाल्यांसाठी जेवण करून आणणार आहेत. ‘येऊ नका’ हे दोन शब्द आहेत. मी त्यांना कॉफी दिली, हवापाण्याबद्दल बोललो, फाटकापर्यंत सोडायला गेलो, आणि ते दोन शब्द काही बाहेर पडले नाहीत. असं नऊ आठवडे चाललं. दर सोमवारी मॉर्टीला सांगायचं की चर्चवाल्यांना नाही म्हणून सांगितलंय, आणि दर शुक्रवारी बटाटा-खिम्याच्या पराती आणि हिरवी जेली घेऊन दोनशे माणसं दारात. (दिवेवाल्यांची वजनं वाढली. त्यांच्यापुरती मालिका अजरामर झाली म्हणायला हरकत नाही.) शिवाय सराव गुरुवारी गेला, मालिकाही गुरुवारीच दिसायची, म्हणजे टीव्हीवर बघणारे आमचे हक्काचे दोनशे तेही गेले.

पाचव्या भागाला वाहिनीने वीस हसणारी माणसं भाड्याने पाठवली, खदाखदा हसणारी, धंद्यातली. त्यांना मधेमधे पेरलं. पहिल्या विनोदाला ती हसली. तेव्हा शेजारच्या बायकांनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवून विचारलं, “बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?” मध्यंतरापर्यंत वीसच्या वीस गप्प. एकाने नंतर चर्चमध्ये नाव नोंदवलं.

घरोघरच्या प्रेक्षकांना वाटलं टीव्ही बिघडला. मॉर्टी म्हणायचा, “एमेट, मी मयतीलासुद्धा यापेक्षा जास्त हसू ऐकलंय.” आठव्या भागानंतर कुठल्याशा मंडळाने आम्हाला मर्नासारख्या विधवांच्या एकाकी जीवनाचं संयत चित्रण केल्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं आणि नवव्या भागानंतर वाहिनीने नारळ दिला. मॉर्टी मला ‘हरामखोर’ म्हणाला आणि जाताना जेलीची परात घेऊन गेला.

असो. या सगळ्याचं मला काही वाटत नाही. मालिका पडतात. मला वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि एवढं लिहिलंय तर तेही लिहून टाकतो. पहिल्या भागाला तू मुद्दाम बसने तीन दिवस प्रवास करून आली होतीस. तिसऱ्या रांगेत बसली होतीस. दिव्यांमुळे मला तुझा चेहरा दिसत नव्हता. संपल्यावर आपण गाडीपर्यंत चालत गेलो आणि तू म्हणालीस, “गाडी लावायला जागा बरी मिळाली.” बास. बावीस वर्षं झाली, ताई. बाबांच्या मयतीला आपण चार दिवस एका घरात होतो, तेव्हाही चकार शब्द नाही. त्या मालिकेतली निम्मी वाक्यं तुझी होती. तुला ती विनोदी वाटली की मी तुला चव्हाट्यावर आणलं असं वाटलं, हे मला आजतागायत माहीत नाही. वाईट वाटतं. मी त्यानंतर विनोदी लिहिलं नाही, विम्याची माहितीपत्रकं लिहिली, ती चालली.

तब्येतीला जप. बर्फावरून एकटी चालू नकोस. पास्टर टोर्गेर्सन गेल्या वर्षी वारले, हे कळवायचं राहिलं होतं.

तुझा भाऊ,
एमेट

ता. क. लिंबाच्या वड्यांत तू साखर किती घालतेस? माझ्या दगड होतात.

ता. क. २ मॅरिबेथबाईंना पहिल्या भागाची टेप कुठल्याशा तंत्रज्ञाच्या गॅरेजमध्ये सापडली आहे. १४ नोव्हेंबरला दुपारी दोन वाजता मिनियापोलिसच्या एका संग्रहालयात ती दाखवणार आहेत आणि मला चार शब्द बोलायला बोलावलंय. साठ खुर्च्या आहेत, आणि त्या भरायची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. तिथे माझ्या ओळखीचं दुसरं कोण आहे? तुझ्या चर्चमधल्या सगळ्यांना घेऊन ये. बस ठरवली तर बरं. जेवण आणलंत तरी चालेल. त्यांनी हसायची गरज नाही.

ता. क. ३ टेपची नक्कल मला आधीच आली आहे. शेवटी नावं येतात तेव्हा कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरतो. तेवढा भाग जाहिरातीसाठी कापला होता, म्हणून मी तो कधी बघितला नव्हता. पहिली रांग शांत, दुसरी रांग शांत. तिसऱ्या रांगेत तू रुमालाचा बोळा तोंडात कोंबून बसली आहेस. खांदे गदगदा हलतायत आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. शेजारच्या मिसेस एंगेब्रेत्सन तुझ्या पाठीवरून हात फिरवतायत, त्यांना वाटलं असावं की तू रडते आहेस. मी तेवढा तुकडा अकरा वेळा पाहिला. चौदा तारखेला मधोमध बस, मला दिसशील अशी, आणि रुमाल आणू नकोस.