मेंढ्याचा कान

राष्ट्राध्यक्ष तुरदाकून साहेबांना,

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला पूर्वीसारखं अरे-तुरे करावं की नाही, या विचारातच हिवाळा गेला. विरोधी पक्षात असताना तुम्ही पोलिसांना चुकवून नारीनला आमच्या घरी लपला होता. पाहुण्याचा मान म्हणून मी शिजवलेलं मेंढ्याचं डोकं तुमच्यापुढे ठेवलं. रीतीप्रमाणे तुम्ही त्याचा कान कापून माझ्या लहानग्या एर्मेकला भरवलात.

"खा रे, म्हणजे माझं ऐकशील. खुर्चीवरच्याला कधी घाबरायचं नाही!"

माझी बायको हसली. "भाऊजी, उद्या तुमच्याशीच भांडेल हा."

"भांडू दे की, वहिनी! त्यासाठीच तर मी तुरुंगात जातो."

मुदत संपूनही तुम्ही खुर्ची सोडली नाही, म्हणून एर्मेक चौकात उभा राहिला. आता तो तुमच्याच जुन्या तुरुंगात आहे. आम्हाला भेटू देत नाहीत. तिथल्या भिंती पाझरतात असं तुम्हीच सांगायचात, आणि त्याची छाती आधीच अधू आहे.

पत्र टपालात टाकायला हात धजत नाही. तुमची माणसं ते फोडून वाचतील आणि राग एर्मेकवर काढतील. पण त्याने तुमचंच ऐकलं हो, साहेब. तो जिवंत आहे का, एवढं तरी लवकर कळवा.

ज्याला तुम्ही दादा म्हणायचात, तो
कुबात