बोटं राहतील ना?

१२ ऑक्टोबर

आज मी दुभाषी झाले.

वर्ग चालू असतानाच ऑफिसातल्या बाई दारात आल्या आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं. इस्पितळातून फोन होता. मराठी बोलणारा एक कामगार दाखल झालाय, नेहमीचा दुभाषा रजेवर आहे, तुमच्याकडे कुणी आहे का? जपानातल्या या भाषावर्गाच्या सत्तर मुलांत मराठी मी एकटीच. माझं जपानी आठ महिन्यांचं! पण बाई म्हणाल्या, साधंच बोलणं असेल, जमेल.

वेल्डर आहेत. चाळिशीचे. जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात लोखंडी पत्रा उजव्या हातावर पडला. शेजारी त्यांचा मुकादम टोपी हातात घेऊन उभा. मला बघून वेल्डर म्हणाले, ताई, तुम्ही आलात, बरं वाटलं. माझ्या दुप्पट वयाचा माणूस आणि मी ताई! मग मीही दादा म्हटलं.

डॉक्टर भराभर बोलले. हात, रक्त, ऑपरेशन, उद्या सकाळी — एवढं कळलं. मध्ये एक शब्द दोनदा आला. सेत्सुदान. तो नाही कळला. शेवटचं 'दान' तेवढं कानात राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, समजलं ना? मुकादम बघत होता, नर्स बघत होती. मी मान हलवली.

दादांनी एकच विचारलं, "बोटं राहतील ना?"

"हो," मी म्हटलं. "ऑपरेशन करून नीट करतील."

त्यांनी संमतीच्या कागदावर डाव्या हातानं सही केली.

१३ ऑक्टोबर

सेत्सुदान — कापून वेगळं करणे.

शब्दकोश उघडला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऑपरेशन नऊला होतं. काल संध्याकाळीच बघायला हवं होतं. दमले होते म्हणून राहिलं — हे खोटं. बघायची भीती वाटत होती.

१४ ऑक्टोबर

तीन बोटं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलंय. नर्सनं फोनवर सांगितलं. या वेळी प्रत्येक शब्द कळला.

१७ ऑक्टोबर

तोंडी परीक्षेत पहिली आले. मास्तर म्हणाले, तू अडखळत नाहीस, हा तुझा मोठा गुण.

घरून फोन. मी डॉक्टरांशी जपानीत बोलले हे बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलंय. आमच्या घरात इंग्रजी बोलायचं म्हटलं की सगळ्यांची बोबडी वळते आणि ही पोरगी बघा, असं जिन्यात उभं राहून. आईला म्हणे दोन बायकांनी पेढे मागितले. मी म्हटलं, अभ्यास आहे, आणि फोन ठेवला.

२० ऑक्टोबर

गेले एकदाची. बिस्किटांचा पुडा घेऊन — जसं काही कुणाला ताप आलाय!

दादा उठून बसले होते. हातावर पांढरं गाठोडं. मला काही बोलायचं असेल असं त्यांना वाटलंच नाही. उलट तेच माझी समजूत घालू लागले. उघडून बघितल्यावरच कळलं असेल डॉक्टरांना, कुणाचा दोष नाही ताई. घरी अजून कळवलेलं नव्हतं. म्हणाले, तुम्हीच सांगा बायकोला, तुम्हाला बोलता येतं.

फोन लावला. बोटांचं सांगितलं. वहिनींनी विचारलं, जेवतात कसे? मी म्हटलं, डाव्या हातानं. सांडत असेल, त्या म्हणाल्या. आणि माझे आभार मानले.

दादांनी स्वतःच शोधलेलं कारण त्यांना पुरलं होतं. मी गप्प बसले तर कुणाला कधी कळणार नाही. गप्पच बसले.

२३ ऑक्टोबर

सांगितलं.

आधी डॉक्टरांना गाठलं. प्रश्न कागदावर लिहून नेले होते. कळलं नाही तिथे परत विचारलं, चार वेळा विचारलं, लाज सोडून. ते म्हणाले, बोटांचा रक्तपुरवठा तुटला होता, ती मेलेलीच होती. ठेवली असती तर हात गेला असता.

मग दादांकडे. उभ्यानंच बोलले, सगळं, तो शब्दसुद्धा. ते ओरडले नाहीत. खिडकीकडे बघत राहिले.

"मी विचारलं होतं तुला."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

"हो."

"एक रात्र तरी मिळाली असती. नीट बघून घेतली असती त्यांना."

डॉक्टरांनी सांगितलेलं मी सांगितलं, की वाचणारच नव्हती. दादांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हे तरी बरोबर सांगतेयस का?"

'हो' म्हणायला तोंड उघडलं. त्या दिवशीही मी 'हो'च म्हटलं होतं.

२४ ऑक्टोबर

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, 'समजलं नाही' हे वाक्य मी पहिल्या आठवड्यात शिकवतो आणि ते कुणी वापरतं का, हे नंतर कधी विचारत नाही. मग इस्पितळाला पत्र लिहिलं, मला समोर बसवून, माझ्याच शब्दांत. यापुढे मला दुभाषी म्हणून पाठवायचं नाही, हेही त्यात आलं.

मी म्हटलं, मी घरी परत जाते. त्यांनी अडवलं नाही. वर्ग सोडायचा फॉर्म ऑफिसात मिळतो म्हणाले.

२७ ऑक्टोबर

फॉर्म भरला. 'कारण' हा रकाना कोरा.

आईला सगळं सांगितलं. ये म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, पण निघायच्या आधी त्या माणसाला सांगून ये.

नाही जमणार. कुठल्या तोंडानं जाऊ?

२८ ऑक्टोबर

नेहमीचा दुभाषा रजेवरून आला. त्यानं डॉक्टरांचं बोलणं दादांना पुन्हा सांगितलं. बोटं वाचणारच नव्हती हे मी बरोबर सांगितलं होतं, असं नर्सकडून कळलं. कळून बरं वाटलं नाही.

३० ऑक्टोबर

नर्सचा फोन — ते तुला बोलावताहेत.

गेले. दादांच्या मांडीवर वही, डाव्या हातात पेन्सिल. स्वतःचं नाव गिरवत होते, वेडंवाकडं. वर न बघता म्हणाले, माफबिफ केलेलं नाही मी. पण दुभाषा महिन्यातून दोनदा येणार आणि इथले उपचार वर्षभर चालणार. आता माझं मला कळायला हवं. शिकव.

मी म्हटलं, मी परत चाललेय दादा. फॉर्म भरून झालाय.

"थांबा."

मी थांबले. पुढे काही बोलतील म्हणून बघत राहिले. त्यांनी वहीचं पान उलटलं.

"तुला नाही म्हणत. डॉक्टरांना 'थांबा' कसं म्हणायचं, ते आधी सांग."