गनी फिटरच्या कुलपाला नमस्कार

एरंडोल, ता. १२ नोव्हेंबर १९८८

चि. गनी फिटर, मुक्काम फैजपूर, यास भिकुबाईचा भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही खुशाल. तुझी अम्मी साबेराबी हिचे गुडघे कसे आहेत? माझेही तसेच दुखतात म्हणावं, तिने एकटीने मिरवू नये. पत्र माझी नात प्रमिला लिहिते आहे (अक्षर तिचं, अक्कल माझी).

बाबा, तुझे उपकार फिटायचे नाहीत. त्या दिवशी तू आमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बदलायला आलास आणि आल्या आल्या ओट्यावरच्या मेनस्विचचा दांडा खाली ओढून त्याला हे एवढं कुलूप घातलंस. वर खडूने काहीबाही लिहिलेली पाटी टांगलीस. लाइट तर सकाळपासूनच गेलेली! गेलेल्या लाइटला कुलूप घालणारा फिटर मी पहिल्यांदाच पाहिला. मग मी तुला जे बोलले ते प्रमिला लिहीत नाही, पण तू विसरला नसशीलच. आमच्या घरात चोर कोण, असंही मी विचारलं. तू हसलास, आणि बेअरिंग आणायला बाजारात जाताना किल्ली माझ्या लेकाच्या, सुकदेवच्या हाती देऊन म्हणालास, 'आजी, ज्याचा हात मशीनमध्ये, किल्ली त्याच्या खिशात.'

आता आमची रीत तुला ठाऊक. लाइट गेली तरी दांडा वरच ठेवायचा. लाइट आली की गिरणी आपोआप घरघरते, गल्लीला वर्दी मिळते आणि बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याचे डबे घेऊन निघतात. (कळण्याची भाकरी तू त्या दिवशी पाच खाल्ल्यास. मी मोजल्या नाहीत, प्रमिलाने मोजल्या.) तर तू गेल्यावर कोणीतरी ओट्यावर आलं. आत सगळं सामसूम, दांडा खाली. बघणाऱ्याला वाटलं, दोघं चहाला गेले आणि दांडा वर करायचा विसरले. त्याने दांडा वर रेटला. हलेना. मग कुलपावर खलबत्त्यातला बत्ता घातला, चांगला तीनदा. तेवढ्यात आतून सुकदेवचा आवाज आला, 'कोण शे तठे? मना हात पुलीमा शे.' आणि त्याच घटकेला शेजारचा रेडिओ गायला लागला. लाइट आली होती.

गनी, काल सुकदेवने त्याच हाताने मला बोरं आणून दिली. मी त्याची पाचही बोटं धरून बसले. तो म्हणाला, माय, बोरं घे, बोटं कशाला घेतेस.

बत्तावाला कोण ते काही कळलं नाही. सुकदेवचा संशय शेजारच्या निंबावर आहे. निंबा तसा वाईट नाही, पण संशय घ्यायला बरा आहे.

तुझी,
भिकुबाई आजी

ता. क. : पुढच्या महिन्यात चक्की उघडून गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची आहे. सुकदेव म्हणतो, कुलूप कशाला, नुसती पाटी टांगली तरी भागेल.

आणखी ता. क. : हे तोताराम पोस्टमन लिहितो आहे, सांगणारी मीच, भिकुबाई. प्रमिलाला मी दळण पोचवायला धाडलंय. बत्ता माझा होता रे गनी, आणि हातही माझाच. पाटी माझ्या नाकासमोर होती, पण मला ती काय सांगणार? सुकदेवला हे कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून तूच कुलूप घेऊन ये आणि पाटीने भागत नाही असं त्याला बजाव, कारण मात्र सांगू नकोस. पाटी मला वाचता येत नाही, आणि कोणी वाचून दाखवली असती तरी मी ऐकलं नसतं. कुलपाचं तेवढं ऐकावं लागलं.