एकटीला आत सोडत नाहीत

प्रिय अंबू,

आज कॉलेजच्या ग्रंथालयाच्या दारात एक मुलगी उभी होती. पहिल्या वर्षाची, अगदी नवी. आपले ग्रंथपाल, ज्यांना तू 'श्श-स्वामी' म्हणायचीस, ते तिला तेच सांगत होते जे त्यांनी एकदा आपल्याला सांगितलं होतं. बाईला एकटीला आत सोडत नाहीत, जोडीला दुसरी हवी. मग मला बघून त्यांचा चेहराच खुलला. "हिच्याबरोबर तुम्हीच बसा उद्यापासून. चांगलं झालं, अल्वा, हो की नाही?"

मी "उद्या सांगते" म्हणाले आणि तशीच घरी आले. आता उद्या काय सांगू, ते विचारायला तुझ्याशिवाय कोण आहे मला? पत्र पोचणार नाही हे मला ठाऊक आहे गं. तरी लिहिते.

खरं सांगू? त्या बिचारीचा रागच आला मला. तिने काय केलं होतं माझं? पण ती तुझ्या खुर्चीत बसणार, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

आठवतं ना, आपल्याला या डॉक्टरकीच्या कॉलेजात पाठवलं ते एकमेकींच्या जिवावर! तुमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या महाराजांच्या घोडदळात चाकरी केलेली. माझे अप्पा म्हणाले, "शिलेदारांची मुलगी आहे सोबतीला, मग भ्यायचं काय?" आणि तुझे वडील म्हणाले, लष्कर मोहल्ल्यातल्या शिंप्यांची मुलगी जाते, मग आपली का नको? आणि आपण दोघी धीट मुली पहिल्या दिवशी हाडांचा सापळा बघून एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होतो.

पडद्यामागचं ते आपलं टेबल. जाडजूड पुस्तक एकच, घरी न्यायची सोय नाही, म्हणून दोघींची डोकी एकाच पानावर. तुझं वाचून आधी व्हायचं. मग पानाचा कोपरा बोटात धरून तू माझी वाट बघत बसायचीस. "झालं का गं?" "थांब ना!" लगेच पडद्यापलीकडून "श्श!" आता पान मीच उलटते. कुणी घाई करत नाही, आणि तरीही वाचून काही लक्षात राहत नाही.

आणि तुझे ते आजार! यकृताचा धडा काढला की तुला कावीळ. खिडकीच्या काचेत डोळे ताणून बघायचीस. हृदयाचा धडा आला की नाडी धरून बसायचीस आणि मला म्हणायचीस, "रखू, माझं काही खरं नाही." वर्गातल्या मुलांनाही तेच व्हायचं म्हणे, जो धडा वाचतील तो रोग अंगावर. पण तुझ्याइतका हौसेने कुणी आजारी पडलं नसेल.

म्हणून तर घोटाळा झाला, अंबू. ज्वरांचा धडा चालला होता आणि तुझं डोकं दुखायला लागलं. तोंडाची चव गेली. तू स्वतःच हसलीस. "अय्यो, सुम्मने, नुसतं वाच गं. पान उलटलं की जाईल हाही." मी घरी जा म्हटलं, म्हटलं ना? तर म्हणालीस, "मी नाही आले तर तुला दारातूनच परत पाठवतील. परीक्षा तोंडावर आलीय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. अंगात विषमज्वर, समोर विषमज्वराचं पान उघडं, आणि डॉक्टर होऊ घातलेल्या आपण दोघी हसतोय! इतका कसला हट्ट गं? एक परीक्षा बुडली असती माझी. दुसऱ्या वेळी दिली असती. तुझ्यावाचून पास होऊन मी काय मोठं मिळवणार होते?

परीक्षा संपली की तलकाडला जायचं ठरलं होतं आपलं. वाळूत गाडलेली देवळं बघायची, कावेरीत पाय सोडून बसायचं, आणि औषधाचं नावसुद्धा काढायचं नाही. मी अजून गेले नाही. कुणाबरोबर जाऊ?

तू गेल्यावर ग्रंथालय मला बंद झालं. श्श-स्वामी वाईट माणूस नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, पण नियम म्हणजे नियम. घरी येऊन रडले, तर दुसऱ्या दिवशी आई काजं करायचे सदरे पिशवीत भरून माझ्याबरोबर निघाली. माझी आई, जिला अक्षरओळख नाही! दारात श्श-स्वामी म्हणाले, या बाई विद्यार्थिनी नाहीत. आईने पिशवी खाली ठेवली आणि कानडीत म्हणाली, "इब्बरु बेकु अंदिरल्ला, स्वामी? इब्बरिद्दीवि." दोघी हव्यात म्हणालात ना, दोघी आहोत की! त्यावर ते नुसतं "श्श" म्हणाले.

तेव्हापासून ती रोज येते. काजं करते, ऊन चढलं की डुलक्या घेते, कधी कधी चक्क घोरते. मी तिला पायाने हळूच ढोसते. पण तुझ्या खुर्चीत ती कधी बसली नाही. भिंतीकडेच्या बाकावर बसते. मलाही ते बरं वाटायचं.

आज ती बाकावर घोरत होती, दारातलं तिला कळलंच नाही, म्हणून घरी आल्यावर त्या मुलीचं सांगितलं. म्हटलं, "आई, अंबूच्या खुर्चीत दुसरं कुणी मला बेडा, नकोच." तिने सुईत दोरा ओवता ओवता वर बघितलं. "ती पोर दारात उभी, आणि तू खुर्ची राखत बसणार काय गं? अंबू ताप घेऊन यायची ती काय खुर्ची राखायला यायची?"

मी उठून परसात गेले आणि खूप रडले. तू गेलीस तेव्हाही इतकी रडले नव्हते.

तर अंबू, उद्या मी तिला हो म्हणणार आहे. मला ती आवडेलच असं नाही. ती माझ्यासाठी पानाचा कोपरा धरून थांबेल, असंही नाही. शेजारी कुणी बसलं म्हणून माझं एकटेपण जाणार नाही, ते राहीलच. पण तिला दारात उभं ठेवणार नाही. तिच्या आधी जाऊन पायरीवर थांबेन.

आणि तुला एक वचन देते. ती आली की पडद्यामागे शिरण्याआधी तिच्या कपाळाला हात लावून बघेन. हसली तर हसू दे. आणि कपाळ गरम लागलं, तर परीक्षा कितीही जवळ असो, तिने कितीही गळ घालो, मी तिला आत नेणार नाही. आम्ही दोघी दारातूनच परत फिरू.

तुझीच,
रखू